नवव्या लीजनचा गरुड आणि पळून गेलेला अधिकारी

लढायांवर बोलणारा माणूस म्हणून मला एक प्रश्न हमखास विचारला जातो. मुलाला इतिहासाची गोडी लागावी म्हणून हातात कोणतं पुस्तक द्यावं? शिवकालावर मराठीत काय काय आहे ते तुम्हाला ठाऊकच आहे. आज मी एका ब्रिटिश लेखिकेबद्दल बोलतो, रोझमेरी सटक्लिफबद्दल. तिने मुलांसाठी रोमन ब्रिटनवर कादंबऱ्या लिहिल्या. त्यातली आधी कोणती द्यायची आणि कोणती थोडी थांबून, यावर माझी ठाम मतं आहेत.

सटक्लिफचा जन्म 1920 चा. वडील नौदलात अधिकारी, त्यामुळे बालपण बदलीच्या गावांत गेलं, काही काळ माल्टातही. फौजी घरांना हे वेगळं सांगायला नको. पण अगदी लहान असतानाच तिला सांध्यांचा असाध्य आजार जडला आणि पुढचं बहुतेक आयुष्य व्हीलचेअरमध्ये गेलं. नऊ वर्षांची होईपर्यंत तिला वाचता येत नव्हतं. आई वाचून दाखवायची, त्यात किपलिंग भरपूर. हा किपलिंग आपल्या मुंबईत जन्मलेला, जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या आवारात, 1865 साली. त्याने 1906 च्या 'पक ऑफ पूक्स हिल'मध्ये भिंतीवर पहारा देणारा एक रोमन सेंच्युरियन रंगवला. सटक्लिफचे सैनिक त्याचेच वारस म्हणायला हवेत. पुढे तिने किपलिंगवर एक छोटं पुस्तकही लिहिलं.

सुरुवात 'द ईगल ऑफ द नाइन्थ'पासून करा. हे 1954 चं. लीजन म्हणजे साधारण पाच हजारांची रोमन फौज आणि गरुड हे तिचं निशाण. निशाण शत्रूच्या हाती पडणं म्हणजे साऱ्या लीजनची अब्रू जाणं. नववी लीजन यॉर्कला होती. कादंबरीत ती इ.स. 117 च्या सुमारास उत्तरेकडे कूच करते आणि परत येत नाही. तिच्या पहिल्या कोहोर्टच्या प्रमुखाचा मुलगा मार्कस हा नायक. पहिल्याच पोस्टिंगवर त्याचा पाय जायबंदी होतो आणि त्याला फौज सोडावी लागते. मग तो एस्का नावाच्या ब्रिटनला बरोबर घेऊन, डोळ्यांच्या वैद्याचं सोंग करून, भिंतीपलीकडे गरुड शोधायला निघतो. हे सोंग हवेतलं नाही. डोळ्यांच्या मलमांवर उठवायचे त्या वैद्यांचे दगडी शिक्के ब्रिटनमध्ये खरोखर सापडले आहेत.

माझ्या बारा वर्षांच्या नातवाने पुस्तक मिटल्याबरोबर विचारलं, "आजोबा, हे खरं आहे?" मुलं हे विचारणारच, म्हणून उत्तर तयार ठेवा. यॉर्कला सापडलेला शिलालेख सांगतो की इ.स. 107-108 मध्ये नववी लीजन तिथे दरवाजा बांधत होती. त्यानंतर ब्रिटनमध्ये तिचा माग लागत नाही. सम्राट हेड्रियन 122 मध्ये आला, त्या सुमारास यॉर्कला सहावी लीजन आली. मार्कस ऑरेलियसच्या काळातल्या लीजनांच्या यादीत नववी नाही. यावरून लोकांनी ताडलं की स्कॉटलंडात तिची कत्तल झाली. पण नेदरलँड्समधल्या नायमेखेनला तिच्या शिक्क्याच्या विटा-कौलं मिळाली. म्हणजे तिची निदान एखादी तुकडी तरी समुद्रापलीकडे पोचली होती. सिल्चेस्टरला 1866 मध्ये पंख नसलेला एक काशाचा गरुड उत्खननात सापडला. सटक्लिफला कादंबरीचा धागा मिळाला तो याच गरुडातून. आज तो रेडिंगच्या संग्रहालयात आहे आणि अभ्यासकांच्या मते ते लीजनचं निशाण नसून एखाद्या पुतळ्याचा भाग असावा. नातू थोडा हिरमुसला. मग त्याने नकाशात नायमेखेन शोधलं. मला एवढंच हवं होतं.

दुसरं 'द सिल्व्हर ब्रँच', 1957 चं. मार्कसच्या वंशजांची ही गोष्ट तिसऱ्या शतकाच्या अखेरीस घडते, बंडखोर सम्राट करॉसियसच्या काळात. वेगवान आहे, पण सुट्टीत वाचून विसरलं तरी चालेल.

तिसऱ्यापाशी मी अडलो. 'द लँटर्न बेअरर्स', 1959, कार्नेगी पदक मिळालेलं. त्याच घराण्यातला अक्विला हा तरुण घोडदळ अधिकारी. शेवटची रोमन फौज ब्रिटन सोडून जहाजात चढते आणि हा मागे लपून राहतो. बंदरावरचा दीपस्तंभ एका रात्रीसाठी पुन्हा पेटवतो आणि घरी जातो. सरळ शब्दांत सांगायचं तर नायक पलटण सोडून पळालेला आहे. आर्मी ॲक्टचं कलम 38 मी वर्षानुवर्षं जवानांना समजावून सांगितलं. लढाईच्या काळात पळणाऱ्याला त्यात मृत्युदंडापर्यंत शिक्षा आहे. आता तेच पुस्तक नातवाला द्यायचं? वर्षभर ते माझ्या कपाटात पडून राहिलं.

मी ते पुन्हा वाचलं तेव्हा दिसलं की लेखिका अक्विलाला सोडत नाही. सॅक्सन धाड येते, वडील मारले जातात, बहिणीला पळवून नेतात, तो स्वतः गुलाम होतो. पुढे बहीण भेटते ती सॅक्सनाची बायको म्हणून, कडेवर मूल घेऊन. ती त्याला पळायला मदत करते, पण स्वतः येत नाही. जो स्वतः फौज सोडून आला, त्याला बहिणीचं हे वागणं वर्षानुवर्षं माफ करता येत नाही. फाळणीत ओढून नेलेल्या आणि नंतर घरच्यांनी परत न घेतलेल्या बायकांच्या हकिगती मी पंजाबातल्या पोस्टिंगवर म्हाताऱ्यांच्या तोंडून ऐकल्या होत्या. त्या आठवल्या आणि पुस्तक कपाटाबाहेर काढलं.

नातवाचा फोन आला. "आजोबा, तुमच्या युनिटमधला असता तर त्याला पकडून आणलं असतं?" मी म्हटलं, हो. "आणि मग?" कोर्ट मार्शल. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पण त्याचं घर तिथेच होतं ना." यावर माझ्याकडे नियम होता, उत्तर नव्हतं. मी त्याला तसंच सांगितलं.

'फ्रंटियर वुल्फ', 1980 चं, मी अजून दिलेलं नाही. त्यातला अलेक्सिओस डॅन्यूबवरच्या ठाण्यात चुकीच्या वेळी माघारीचा हुकूम देतो आणि त्यात माणसं मरतात. शिक्षा म्हणून त्याला भिंतीच्या उत्तरेला, कोणाला नको असलेल्या तुकडीवर पाठवतात आणि तिथेही माघारीचाच निर्णय समोर उभा राहतो. चौकशीसमोर उभ्या असलेल्या तरुण अधिकाऱ्याचा चेहरा, एकही दिवस गणवेश न घातलेल्या या बाईने कुठे पाहिला असेल, कोण जाणे. अशा चौकशीत मी टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसलो आहे. नातू पंधराचा झाला की ते त्याला देईन, आणि त्या वेळी फोनवर बोलणार नाही, त्याच्या घरी जाईन.

एक सूचना. सटक्लिफचं इंग्रजी सोपं नाही, झाडं-पानं-हवेची वर्णनं फार. पहिली तीस पानं मुलाला जवळ घेऊन मोठ्याने वाचा. कंटाळा आला तर वर्णन गाळा, लढाई गाळू नका.