हाडांचा जमाखर्च

हाड म्हणजे वाळके लाकूड नव्हे. त्यात पोखरणाऱ्या आणि भरणाऱ्या अशा दोन जातींच्या पेशी जन्मभर राबत असतात. हा जमाखर्च ठेवतो कोण?

१९४० च्या सुमारास बोस्टनचे डॉक्टर फुलर अल्ब्राइट यांनी प्रतिपादिले, की पाळी थांबल्यावर स्त्रीसंप्रेरक आटते म्हणून हाडे ठिसूळ होतात. पण संप्रेरकाचा हुकूम हाडापर्यंत पोहोचतो कसा? उत्तर भलत्याच दारी मिळाले. १९७२ साली हिरड्यांच्या रोगाच्या मागे लागलेल्या अमेरिकन संशोधकांना आढळले, की रक्तातील पांढऱ्या पेशी चेतविल्या म्हणजे त्यांतून हाड विरघळविणारे द्रव्य पाझरते. १९९७ मध्ये प्रतिकारपेशींत ‘रँकल’ नावाचा रेणू सापडला. पोखरणाऱ्या पेशी घडविणारा तो हाच, हे १९९८ मध्ये अमेरिका व जपान येथे सिद्ध झाले. स्त्रीसंप्रेरक त्याला आवर घालते. ते आटले की तो मोकाट सुटतो. त्याला बांधून ठेवणारे औषध २०१० मध्ये मान्य झाले.

आजीची वाकलेली पाठ हा वयाचा कर, असे समजून आपण गप्प बसत आलो. पुष्कळदा तो रोग असतो, आणि त्यावर इलाज आहे, एवढे आज घरी जाऊन जरूर सांगावे.