तारण आणि ऐपत : बुलढाणा जिल्ह्यातील कर्जव्यवहार, कापसाच्या तेजीपासून वाहनकर्जापर्यंत

प्रस्तावना

फेडण्याची ऐपत नसलेल्या माणसाला मोटार, ट्रॅक्टर किंवा मालवाहू गाडीसाठी कर्ज दिले जाते आणि पुढे ते थकते, तेव्हा दोष बहुधा घेणाऱ्याच्या माथी मारला जातो. अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे त्याला ऐकवले जाते. देणाऱ्याने ते अंथरूण मोजले होते काय, याची विचारणा क्वचितच होते. बुलढाणा जिल्ह्यातील कर्जव्यवहाराचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास पाहता असे दिसते की, कर्ज देताना ऋणकोच्या उत्पन्नापेक्षा त्याच्याजवळील तारणाचा विचार अधिक झाला आहे. तारण भक्कम असले की ऐपतीची चौकशी करण्याचे कारण धनकोला उरत नाही. वाहनकर्जाचा आजचा प्रश्न याच परंपरेत ठेवून पाहण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

कापसाची तेजी आणि जमिनीचे तारण

1853 च्या तहान्वये निजामाने वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात दिला. 1860 नंतरच्या दशकात तेथे मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी मोजणी व जमाबंदी सुरू झाली. प्रत्येक शेताला सर्व्हे नंबर मिळाला, तो कब्जेदाराच्या नावे लागला आणि ती जमीन विकण्याचा व गहाण टाकण्याचा अधिकार त्याला प्राप्त झाला. सुधारणा म्हणून ही गोष्ट निश्चितच मोठी होती. परंतु तिचा एक परिणाम सावकारीवर झाला. पूर्वी सावकाराचा भरवसा मुख्यतः उभ्या पिकावर व रयतेच्या शब्दावर असे. रयत गाव सोडून गेली तर त्याचे पैसे बुडत, म्हणून ती टिकून राहण्यात त्याचाही स्वार्थ होता. जमीन विक्रेय झाल्यावर हा स्वार्थ क्षीण झाला.

याच सुमारास अमेरिकेत यादवी युद्ध (1861-65) पेटले. लँकेशायरच्या गिरण्यांना मिळणारा अमेरिकी कापूस थांबला आणि मुंबईच्या बाजारात कापसाचे भाव अनेक पटींनी चढले. वऱ्हाडच्या काळ्या जमिनीत पैसा आला व त्याबरोबर पतही वाढली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग मलकापूर, नांदुरा, शेगाव असा जात 1867 मध्ये नागपूरला पोहोचला. 1870 मध्ये जलंब ते खामगाव या फाट्याचे उद्घाटन गव्हर्नर जनरल लॉर्ड मेयो यांच्या हस्ते झाले. (खामगाव त्या वेळी अकोला जिल्ह्यात होते. 1905 च्या पुनर्रचनेत खामगाव व जळगाव हे तालुके बुलढाण्यास जोडले गेले.) तथापि रेल्वे खामगावच्या कापूसबाजारात पोहोचण्याआधीच, 1865 पासून, भाव कोसळू लागले होते. तेजीच्या हिशेबाने घेतलेली कर्जे मंदीच्या भावाने फेडण्याची पाळी शेतकऱ्यांवर आली.

तेजीच्या दिवसांत शेतकऱ्यांनी गाड्यांच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्या, अशा कथा त्या काळच्या इंग्रजी लेखनात येतात व पुढे अनेकांनी त्या उद्धृत केल्या आहेत. असे एखादे चाक कोणी पाहिले असेलही. परंतु कर्जबाजारीपणाचे मूळ रयतेच्या उधळेपणात आहे, असे ज्यांना दाखवायचे होते त्यांना ही कथा फार सोयीची होती, हे विसरता येत नाही. गाडी त्या वेळीही प्रतिष्ठेची वस्तू होती. मात्र वऱ्हाडातील कर्जाचा मोठा भाग धावांत गेला नसून सारा, बी-बियाणे, बैल व धान्य यांत गेला. सारा रोखीने व ठरलेल्या तारखेला भरावा लागे. पीक विकून पैसा हाती येण्यापूर्वी ती तारीख आली की सावकाराकडे जाणे अपरिहार्य होई. लक्ष्मण सत्या यांनी वऱ्हाडातील कापूस व दुष्काळ यांवरील आपल्या ग्रंथात (1997) दाखविल्याप्रमाणे, कापसाखालील क्षेत्र वाढत गेले तसतसा शेतकरी धान्यासाठीही बाजारावर अवलंबून राहू लागला. 1896-97 व 1899-1900 च्या दुष्काळांत त्याची किंमत त्याला मोजावी लागली.

कायद्याची बाजू येथे महत्त्वाची आहे. 1859 च्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जरोख्याच्या दाव्याची मुदत तीन वर्षांवर आणली. हेतू रयतेच्या संरक्षणाचा होता; घडले उलट. मुदत संपत आली की सावकार व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेई आणि न्यायालय त्या रोख्यावरील आकडा खरा धरी. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या व रोखे जाळले, ते याच कारणाने. या उठावानंतर 1879 चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. त्यातील खरी नवी गोष्ट अशी की, रोख्यावरील आकड्यापाशी न थांबता देवघेवीचा हिशेब मुळापासून तपासण्याचा अधिकार व कर्तव्य न्यायाधीशास मिळाले. हा कायदा आरंभी पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांपुरताच होता. वऱ्हाड मुंबई इलाख्यात नसल्याने बुलढाण्याच्या शेतकऱ्याला त्याचा लाभ झाला नाही. मध्यप्रांत व वऱ्हाडसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला तो 1939 मध्ये, जागतिक मंदीने शेतकरी पुरता खचल्यानंतर.

खामगावचे प्रकरण

सहकारी पतपुरवठ्याचा पाया 1904 च्या कायद्याने घातला गेला असला, तरी 1951-52 च्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीत शेतकऱ्यांच्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम 3 टक्के आढळला. पुढील दशकांत तो वाढला. सावकारी मात्र संपली नाही. गहाणखताऐवजी थेट खरेदीखत लिहून घ्यायचे आणि कर्ज फिटल्यावर जमीन परत करण्याचे तोंडी आश्वासन द्यायचे, ही रीत विदर्भात रूढ झाली. यात घेणाऱ्याची ऐपत पाहण्याचे काहीच प्रयोजन राहत नाही.

2006 मध्ये खामगाव तालुक्यातील एका शेतकऱ्याने स्थानिक आमदाराच्या कुटुंबीयांविरुद्ध अवैध सावकारीची तक्रार केली. गुन्हा नोंदवू नये, अशा आशयाचा दूरध्वनी तत्कालीन मुख्यमंत्र्यांच्या कार्यालयातून आला आणि पोलीस ठाण्याच्या दैनंदिनीत त्याची नोंद झाली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने राज्य शासनास 25 हजार रुपये खर्च भरण्याचा आदेश दिला. डिसेंबर 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही रक्कम 10 लाखांपर्यंत वाढवली. दैनंदिनीतील त्या नोंदीमुळेच प्रकरण उभे राहिले. इतिहासाच्या अभ्यासकाने अशा किरकोळ वाटणाऱ्या कागदांकडे अधिक लक्ष द्यावयास हवे.

नजरगहाण

वाहनकर्जात तारणाचे स्वरूप बदलते. वाहन ऋणकोच्या ताब्यात राहते, नोंदणी प्रमाणपत्रावर वित्तसंस्थेचा बोजा चढतो. यास नजरगहाण म्हणतात. जमिनीचे मूल्य काळानुसार वाढते, म्हणून जुन्या सावकाराला जमीनच हवी असे. वाहनाचे मूल्य पहिल्या दिवसापासून घटते. त्यामुळे वित्तसंस्थेला गाडी नको असते, हप्ते हवे असतात. गाडी ओढून नेऊन लिलावात विकली तरी येणे फिटत नाही आणि उरलेली रक्कम ऋणकोच्याच नावावर राहते. ती फेडण्यासाठी शेवटी शेतच विकावे लागते. पूर्वीच्या कोऱ्या कागदावरील अंगठ्याची जागा सहीच्या कोऱ्या धनादेशांनी घेतली. धनादेश न वटल्यास फौजदारी कारवाईची तरतूद 1988 च्या दुरुस्तीने झालेली आहेच.

बुलढाण्यातील शेती मुख्यतः कोरडवाहू आहे. कापूस व सोयाबीन यांचे पैसे दिवाळीच्या आगेमागे हाती येतात, तर मोटारीचा किंवा मालवाहू गाडीचा हप्ता दरमहा ठरलेल्या तारखेस द्यावा लागतो. साऱ्याच्या तारखेचाच हा नवा अवतार होय. ट्रॅक्टरसाठी सहामाही हप्त्याची सोय असते. परंतु लहान धारणक्षेत्रावर ट्रॅक्टरला वर्षभर पुरेल इतके काम नसते आणि गावात चार जणांनी ट्रॅक्टर घेतले की भाड्याचे कामही वाटले जाते. ही गोष्ट विक्रेत्याला व कर्ज देणाऱ्याला ठाऊक नसते, असे मानणे कठीण आहे.

ज्याची ऐपत आहे त्याला कर्ज कोणत्या अटींवर मिळते, हेही पाहिले पाहिजे. ऑक्टोबर 2010 मध्ये, म्हणजे खामगाव प्रकरणाच्या निकालाआधी दोन महिने, शेजारच्या औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) येथे सुमारे 65 कोटी रुपयांच्या 150 मर्सिडीज गाड्या एकाच वेळी घेतल्या गेल्या. पत्रकार पी. साईनाथ यांनी नोंदविल्याप्रमाणे, त्यासाठी स्टेट बँकेने 7 टक्के दराने कर्ज दिले. ट्रॅक्टरच्या कर्जाचा दर त्याहून बराच अधिक होता.

वाहनवसुलीसाठी गुंडांचा वापर करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्ये बजावले. 2008 मध्ये रिझर्व्ह बँकेने वसुली प्रतिनिधींबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या. 2022 मध्ये झारखंडात ट्रॅक्टरच्या वसुलीत एका गर्भवती महिलेचा मृत्यू झाल्यावर संबंधित वित्त कंपनीला बाहेरील वसुली प्रतिनिधी नेमण्यास काही महिने मनाई करण्यात आली. हे सर्व नियमन वसुलीच्या रीतीविषयी आहे. मुळात ते कर्ज द्यावयास हवे होते काय, हा प्रश्न त्यात मागेच राहतो.

महाराष्ट्राच्या 2014 च्या सावकारी नियमन कायद्याने जिल्हा निबंधकास मात्र तो अधिकार काही अंशी दिला आहे. मागील 15 वर्षांतील खरेदीखत उघडून, तो व्यवहार सावकारीचा होता असे आढळल्यास, जमीन मूळ मालकास परत देता येते. बँका व रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या वित्त कंपन्या या कायद्याच्या कक्षेबाहेर आहेत. केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मे 2022 मध्ये, राज्यांचे सावकारी कायदे अशा कंपन्यांना लागू होत नाहीत, असा निर्णय दिला. त्यामुळे नजरगहाण वाहनाच्या कर्जाचा हिशेब जिल्हा निबंधकाला मुळापासून उघडता येत नाही. 1879 मध्ये पुण्याच्या शेतकऱ्याला जे मिळाले ते वऱ्हाडच्या शेतकऱ्याला मिळाले नव्हते. आज तीच रेषा एकाच शेतकऱ्याच्या दोन कर्जांमधून जाते.