रोव्हर्स कप नावाची एक स्पर्धा होती

एफ. ए. कप १८७१ साली सुरू झाला हे आमच्या ऑफिसातल्या निम्म्या लोकांना पाठ आहे. आर्सेनलने तो किती वेळा जिंकला, हेही. मग मी विचारतो, मुंबईत तब्बल ११० वर्षांचा इतिहास असलेली एक बाद पद्धतीची फुटबॉल स्पर्धा होती, तिचं नाव सांगा बघू? सगळे गप्प! म्हणून या शनिवारी रोव्हर्स कपविषयी.

सुरुवात १८९१ ची. तेव्हा हा सगळा गोऱ्या पलटणींचा मामला होता. पहिला करंडक वूस्टरशायर रेजिमेंटने नेला आणि पुढची कित्येक वर्षं विजेत्यांच्या यादीत एकामागून एक रेजिमेंटचीच नावं दिसतात. १९२३ मध्ये मोहन बागान मुंबईत आलं आणि थेट अंतिम सामन्यापर्यंत पोचलं. तिथे मात्र डरहॅम लाइट इन्फंट्रीने त्यांना ४-१ असं हरवलं. हा करंडक पहिल्यांदा भारतीय हातांत आला तो १९३७ मध्ये. म्हणजे ४६ वर्षं लागली! आणि जिंकलं कोण? कलकत्ता नाही, मुंबई नाही, तर बंगलोर मुस्लिम्स. पुढच्या वर्षी त्यांनी तो परत जिंकला, म्हणजे पहिला विजय नशिबाचा नव्हता. १९४० मध्ये मोहमेडन स्पोर्टिंगने रोव्हर्स आणि ड्युरंड हे दोन्ही करंडक एकाच वर्षात नेले.

पण या यादीतला माझा सगळ्यात आवडता भाग १९५० ते १९५४ चा. सलग पाच वर्षं एकच नाव: हैदराबाद सिटी पोलीस. त्यांचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम, पेशाने शाळामास्तर. अजय देवगणचा 'मैदान' (२०२४) पाहिला असेल तर हेच ते रहीमसाहेब. १९५१ आणि १९६२ ची एशियाड सुवर्णपदकं, १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकची उपांत्य फेरी, हे सगळं त्यांच्या हाताखाली झालं. सिनेमात भारतीय संघ दिसतो, पण त्या यशाची पायाभरणी क्लबच्या अशा सामन्यांतून होत होती, आणि त्यातले रोव्हर्सचे सामने आपल्या मुंबईत होत होते.

मुंबईचं स्वतःचं फुटबॉल हे कंपन्यांचं फुटबॉल. १९५८ चा रोव्हर्स कप जिंकणारी कॅल्टेक्स ही चक्क पेट्रोल कंपनी! टाटा, मफतलाल, महिंद्र, सगळ्यांचे संघ असत. खेळाडूला नोकरी मिळायची, पगार मिळायचा, आणि कंपनीला नाव. मेलबर्नला ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅट्ट्रिक मारणारा नेव्हिल डिसूझा याच मुंबईचा.

आता थोडे आकडे, कारण त्याशिवाय मला चैन पडत नाही :) सगळ्यात जास्त विजेतेपदं मोहन बागानची, १४. त्याखालोखाल ईस्ट बंगाल, १०. १९७४ मध्ये डेंपोने हा करंडक गोव्याला नेला. डेटाबेस बनवणाऱ्यांसाठी एक गंमत: 'विजेता' या रकान्यात कधीकधी दोन नावं भरावी लागतात. १९६२ मध्ये ईस्ट बंगाल आणि आंध्र पोलीस, तर १९७२ मध्ये मोहन बागान आणि ईस्ट बंगाल संयुक्त विजेते होते. बाद पद्धतीच्या स्पर्धेत शेवटी कोणीच बाद झालं नाही!

शेवटचा रोव्हर्स कप २०००-०१ चा. मोहन बागानने चर्चिल ब्रदर्सला हरवलं, आणि त्यानंतर स्पर्धा भरलीच नाही.

का? एक कारण उघड आहे. १९९६ मध्ये राष्ट्रीय लीग सुरू झाली. क्लबांचं वर्ष लीगच्या वेळापत्रकाने भरून गेलं, आणि जुन्या करंडकांसाठी आठवडे काढायचे कुठून? पण एवढं कारण पुरत नाही. कारण १८८८ चा ड्युरंड कप याच संकटातून गेला आणि आजही चालू आहे. मधली काही वर्षं तोही झाला नाही, पण २०१९ मध्ये दिल्लीहून कोलकात्याला जाऊन पुन्हा उभा राहिला. २०२४ आणि २०२५ मध्ये नॉर्थईस्ट युनायटेडने तो जिंकला. फरक कुठे पडला? माझ्या मते फरक मालकीचा. ड्युरंडच्या मागे लष्कर आहे. अधिकारी बदलतात, पण स्पर्धा भरवणं ही कोणाची तरी ठरलेली जबाबदारी असते. रोव्हर्सच्या मागे तसा खमका आधार उरला नाही. कंपन्यांचं फुटबॉल तर ताळेबंदावर चालणारं. महिंद्र युनायटेडसारखा राष्ट्रीय लीग जिंकलेला संघसुद्धा २०१० मध्ये बंद झाला. आमच्या धंद्यातही हेच बघतो. जुना प्रोग्राम जुना आहे म्हणून मरत नाही, त्याला सांभाळणारा माणूस निघून गेला की मरतो.

स्पर्धा पुन्हा सुरू करा असं म्हणणं सोपं आहे, पैसे कोण घालणार हा प्रश्न अवघड. पण एक काम स्वस्तात होण्यासारखं आहे. कूपरेज मैदानावर, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा विजेत्यांचा एक मोठा फलक लावायचा. वूस्टरशायर, बंगलोर मुस्लिम्स, हैदराबाद सिटी पोलीस, कॅल्टेक्स, डेंपो, मोहन बागान. एखाद्या पोराने तो वाचून बापाला विचारलं, "बाबा, पोलिसांनी पाच वेळा कसा काय जिंकला?", तरी पुष्कळ झालं.