शाळा सुटण्याच्या वेळचे वादळ

श्रोतेहो, हिमवादळ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे उंच पर्वतशिखरे उभी राहतात. पण इतिहासातले एक फार भयंकर हिमवादळ सपाट मैदानावर, शेतकऱ्यांच्या वस्तीवर, आणि तेही कित्येक ठिकाणी शाळा सुटण्याच्या सुमारास कोसळले. तारीख होती १२ जानेवारी १८८८, वार गुरुवार. आणि मुलूख अमेरिकेतला, डाकोटा, नेब्रास्का, मिनेसोटा ह्या बाजूचा.

ह्या मुलखाची ठेवण आधी ध्यानात घेऊ. आपल्या उत्तरेला हिमालय आडवा पसरला आहे, म्हणून त्याच्या पलीकडची गोठवणारी हवा अडते. अमेरिकेतला रॉकी पर्वत मात्र उत्तर-दक्षिण उभा. त्याच्या पूर्वेकडील मैदानांना उत्तरेचा आडोसाच नाही. ध्रुवाकडची हवा कॅनडातून निघाली की लोंढ्यासारखी खाली येते. १८६२ च्या कायद्याने इथे वस्ती करून जमीन कसणाऱ्याला १६० एकर मिळू लागले, तेव्हा नॉर्वे, स्वीडन, जर्मनी अशा देशांतलीही पुष्कळ कुटुंबे येऊन राहिली. झाडे नाहीत, म्हणून गवताच्या मुळांसकट मातीची ढेकळे कापून त्यांच्या भिंती रचल्या. शाळा एका खोलीची, आणि शिकवायला बहुधा विशीच्या आतबाहेरची मुलगी.

त्या दिवशी सकाळी हवा नवलाची उबदार होती. मुले जाड कोट न घालताच शाळेत गेली. मग बघता बघता वायव्येकडून अंधार चालून आला. बर्फ कसला, तर जात्यातून पडणाऱ्या पिठासारखा बारीक! नाकातोंडात जाई, पापण्या चिकटून जात, स्वतःचा हात दिसेना. रात्री कित्येक ठिकाणी पारा शून्याखाली ३० अंश सेल्सिअसच्या आसपास उतरला.

आता शिक्षकाने काय करावे? मुलांना थांबवावे, की घरी न्यावे? मीरा खोऱ्यातल्या मिनी फ्रीमन या बाईंच्या शाळेचे छप्परच वाऱ्याने उडाले. त्यांनी मुलांना एकत्र धरून अर्ध्या मैलाहून दूरच्या घरी सुखरूप पोचवले. त्यांनी मुले दोरीने बांधली होती ही कथा पुढे फार गाजली. ती खरी की खोटी ह्यावर मात्र मतभेद आहेत. प्लेनव्ह्यूजवळच्या लोइस रॉइस यांच्या शाळेतले जळण संपले. तीन मुले उरली होती, घर अगदी हाकेच्या अंतरावर होते. त्या निघाल्या आणि वाट चुकल्या. रात्रभर मुलांना कुशीत घेऊन त्या उघड्यावर पडून राहिल्या. तिन्ही मुले गेली. बाई वाचल्या, पण त्यांचे पाय कापावे लागले.

एकीवर गाणी रचली गेली, दुसरी जन्माची पंगू झाली. पण मला विचाराल तर दोघींच्या धैर्यात रतीभरही फरक नव्हता. वादळात बळी पडलेल्यांची संख्या साधारण २३५ सांगतात. त्यांत मुले पुष्कळ होती.

मग चुकले कोठे? हवामानाचे काम तेव्हा अमेरिकन लष्कराच्या तारायंत्र खात्याकडे होते. थंडीची लाट येणार, हा अंदाज तारेने निघालाही होता. इशाऱ्यासाठी मध्ये काळा चौकोन असलेले पांढरे निशाण ठरलेले होते. पण तार पोचायची ती रेल्वेच्या गावापर्यंत. आणि निशाण दिसायचे ते त्याच गावातल्या लोकांना. मैलोगणती दूर एकाकी शाळेत बसलेल्या बाईंना ते कोण सांगणार? ज्ञान होते, पण ज्याला हवे त्याच्या दारापर्यंत त्याची वाट नव्हती.

१८९१ मध्ये हे काम लष्कराकडून काढून शेतकी खात्याकडे देण्यात आले. पुढे १९२१ साली त्याच टापूतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या नभोवाणी केंद्राने हवामानाचा अंदाज रोज मनुष्यवाणीने सांगण्यास आरंभ केला, आणि तारेच्या पलीकडच्या शेतघरातही तो ऐकू जाऊ लागला.

शिक्षक बंधुभगिनींनो, आपल्याकडे बर्फ नसेल, पण ओढ्याला येणारा पूर आहे, वीज आहे, किनाऱ्यावर चक्रीवादळ आहे. इशारा कानी पडला तर तो आपल्यापाशीच ठेवू नका. वाडीतल्या शेवटच्या घरचे मूल शाळेत असेल, तर शेवटच्या घरापर्यंत तो गेला की नाही, एवढे विचारून मगच घंटा द्या.