रेनी, मा
रेनी, मा : (१८८६–२२ डिसेंबर १९३९). अमेरिकन कृष्णवर्णीय ब्लूज गायिका. मूळ नाव गर्ट्रूड प्रिजेट. तिची थोरवी ध्वनिमुद्रिकांवरून मोजण्याचा प्रघात आहे. मात्र तो तिच्यावर अन्याय करणारा आहे. पॅरामाउंट कंपनीसाठी तिने १९२३ ते १९२८ या अवघ्या पाच वर्षांत सुमारे शंभर गाणी मुद्रित केली. त्याआधी जवळजवळ दोन दशके ती, १९०४ मध्ये विवाह झाल्यावर पती विल रेनीसह, दक्षिणेतील फिरत्या तंबू-खेळांतून गात होती. ‘रॅबिट फूट मिन्स्ट्रेल्स’ हा त्यांतला नामांकित संच. ध्वनिवर्धकाविना गर्दीपर्यंत पोहोचणारा तिचा जाडाभरडा, घुमणारा आवाज तिथेच घडला. पॅरामाउंटचे मुद्रण सुमार दर्जाचे असल्याने तो तबकड्यांवर निम्माच उतरला.

यावर आक्षेप असा, की ब्लूजची पहिली गाजलेली ध्वनिमुद्रिका मेमी स्मिथची (१९२०) आणि कीर्ती बेसी स्मिथची मोठी. मग रेनीचे ‘ब्लूजची माता’ हे बिरुद म्हणजे कंपनीची जाहिरातबाजीच नव्हे काय? बिरुद जाहिरातीचे होते, हे खरे. परंतु आधी मुद्रित होणे म्हणजे आधी गाणे नव्हे. मेमी उत्तरेकडील रंगमंचावरची गायिका होती, तर ग्रामीण ब्लूज व्यावसायिक मंचावर आणणाऱ्या पहिल्या काही कलावंतांत रेनी होती. तरुण बेसीने तिला एकाच संचात जवळून ऐकले होते. अर्थात तबकड्या नसत्या, तर ही चर्चाही उद्भवली नसती. त्या तबकड्यांपैकी ‘सी सी रायडर’ या गाण्यात (१९२४) लुई आर्मस्ट्राँगचा कॉर्नेट तिच्या संथ लयीला वाट करून देतो. १९३५ मध्ये निवृत्त होऊन तिने जॉर्जियात नाट्यगृहे चालवली.