पायलॉन अस्थिभंग

नडगीच्या हाडाचे खालचे टोक घोट्याच्या सांध्यासकट फुटणे. उंचावरून पायांवर पडल्याने किंवा वाहन-अपघातात टॅलस हे घोट्यातले हाड खालून घणासारखे आदळते आणि सांध्याचा पृष्ठभाग चिरफाळतो.

१९६९ मध्ये रुएडी व आल्गोव्हर या स्विस शल्यचिकित्सकांनी प्लेट-स्क्रूच्या उपचाराचे चांगले परिणाम मांडले. मात्र त्यांचे बरेच रुग्ण स्कीइंग करताना पडलेले होते. जोरदार अपघातांत तीच शस्त्रक्रिया घाईने केल्यावर जखमा उकलल्या, जंतुसंसर्ग झाला. येथे हाडापेक्षा कातडीच जास्त दगा देते. म्हणून आता आधी बाहेरून फिक्सेटर (हाड स्थिर धरणारी चौकट) लावतात. सूज उतरून कातडीवर बारीक सुरकुत्या दिसू लागल्या, की साधारण एक ते तीन आठवड्यांनी प्लेट बसवतात. मऊ भागांची हानी फार असल्यास इलिझारोव्ह रिंग (तारांनी हाड धरणारी बाहेरची कडी) उपयोगी पडते. मधुमेह व तंबाखूमुळे धोका वाढतो.

पूर्ण भार टाकण्यास सहसा तीन महिने लागतात. एक्स-रे उत्तम दिसला तरी घोटा आखडणे व सांध्याची झीज अनेकांना चुकत नाही. वेदना असह्य झाल्यास सांधा कायमचा जखडावा लागतो.