काटवलाची 'वांझ' वेल

पाऊस चांगला बसला की चंद्रपूर-गडचिरोलीच्या बाजारात काटवलं दिसायला लागतात. पुण्या-मुंबईकडची करटोली ती हीच. जंगलाच्या कडेला, कुंपणावर आपोआप चढणारी ही वेल पावसाळ्यानंतर वाळते, पण जमिनीतला कंद जिवंत राहतो आणि पुढच्या पावसात पुन्हा फुटतो.

आता गंमत बघा. १६व्या शतकातल्या 'भावप्रकाश' या आयुर्वेदाच्या ग्रंथात कर्कोटकी भाजी म्हणून येते आणि 'वंध्या कर्कोटकी' औषध म्हणून वेगळी. वंध्या म्हणजे वांझ. फुलते, पण फळत नाही. तिचा कंद सर्पविषावर सांगितलाय. (आज साप चावला तर थेट दवाखाना, हे काय सांगायला हवं?) ही वांझ वेल म्हणजे बहुधा काटवलाचा नर! मूल नाही म्हणून बाईला नावं ठेवणाऱ्या आपल्या समाजाने इथे चक्क नरालाच वांझ बाई ठरवून टाकलं.

कलकत्त्याच्या कंपनी सरकारच्या बागेत काम करणाऱ्या विल्यम रॉक्सबर्गने दिलेलं नाव बर्लिनच्या विल्डेनोने १८०५ साली छापलं: 'मोमॉर्डिका डायोइका'. डायोइका म्हणजे दोन घरांची. नर फुलं एका वेलीवर, मादी फुलं दुसरीवर.

हा नुसता शब्दांचा खेळ नाही. वांझ समजून औषधासाठी नराचेच कंद खणत गेलो, तर आसपासच्या मादी वेली फळणार कशा? १८७८च्या वनकायद्यानंतर जंगलात काय न्यायचं ते सरकार ठरवू लागलं. २००६च्या वनहक्क कायद्याने कंदमुळांसकट गौण वनोपजावरचा हक्क गावांना मिळाला, सोबत जंगल राखण्याचाही. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टरवर सामूहिक हक्क मिळाला. म्हणजे कुठला कंद राखायचा, हा प्रश्न आता ग्रामसभेचा.

शेतातही तेच. बी पेरलं तर जवळपास निम्म्या वेली नर निघतात, आणि ते कळतं फूल आल्यावर. मादी फुलामागे इवलंसं काटेरी फळ असतं. म्हणून मादीचे कंद लावतात आणि आठ-दहा माद्यांमागे एक नर ठेवतात. तो एक उपटला, की अख्खा मांडव वांझ!